शाळेची शिल्लक वाचताना

प्रिय,

शाळेच्या नियामक मंडळावर गव्हर्नर, म्हणजे सदस्य, झालीस आणि पहिल्याच बैठकीत फायनान्स कमिटी गळ्यात पडली, हे वाचून हसू आलं. आकड्यांना न घाबरणारा माणूस दिसला की इंग्लंडातल्या शाळा त्याला सहसा सोडत नाहीत. तू विचारतेस, शाळेकडे वर्षअखेर १,६०,००० पौंड शिल्लक असणं चांगलं की वाईट? नुसत्या आकड्यावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. शाळेचे हिशेब सांभाळणाऱ्या बिझनेस मॅनेजरला काय विचारायचं, ते मात्र सांगतो.

आधी हे पैसे कुणाचे ते बघ. तुमची प्राथमिक शाळा मेंटेन्ड, म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या अखत्यारीतली. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्यानं बजेट शाळांच्या हाती आलं. वर्षअखेरीस उरलेली रक्कम पुढे नेता येते, पण खर्च होईपर्यंत ती कायद्यानं कौन्सिलचीच. शाळा बंद झाली, तर शिल्लकही कौन्सिलकडे परत जाते. बरीच वर्षं अशी रीत होती की प्राथमिक आणि स्पेशल शाळेत बजेटच्या ८ टक्क्यांहून आणि माध्यमिकमध्ये ५ टक्क्यांहून जास्त शिल्लक दिसली, की कौन्सिल जाब विचारी आणि वेळ आली तर वरची रक्कम काढूनही घेई. २०११ पासून कौन्सिलांवरची ती सक्ती गेली. काहींनी नियम ठेवला आहे, तेव्हा तुमच्या कौन्सिलचं काय, ते विचारून घे. तुमचं बजेट २० लाखांचं, म्हणजे तुम्ही नेमके ८ टक्क्यांवर उभे आहात.

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षी हीच शिल्लक २,३०,००० होती, असं तूच लिहिलंयस. म्हणजे वर्षभरात मिळालं त्याहून ७०,००० जास्त खर्च झाले. याच चालीनं दोन वर्षांनी हातात २०,००० उरतील आणि तिसऱ्या वर्षी शाळा तुटीत जाईल. मग कौन्सिलकडे तुटीची रीतसर परवानगी मागायची, ती कशी भरून काढणार याचा आराखडा द्यायचा, आणि त्यानंतर प्रत्येक निर्णयावर कौन्सिलची नजर. त्यापेक्षा ६०,००० शिलकेवर असलेली पण दरवर्षी जमाखर्च जुळवणारी शाळा मला सुखी वाटते. म्हणून शिल्लक कधी एकटी वाचू नकोस. शेजारी मागची तीन आणि पुढची तीन वर्षं मांडायला सांग.

पुढच्या वर्षांचा अंदाज पटसंख्येवर उभा असतो. ऑक्टोबरच्या पटगणनेवरून पुढच्या एप्रिलपासूनचं बजेट ठरतं. रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या, वर्गात ३० ऐवजी २४ मुलं आली, तर त्या वर्गाचे जवळपास पाचवा हिस्सा पैसे जातात. शिक्षिका मात्र पूर्णच लागते, सहायकही, आणि हीटिंगचं बिल काही मुलं मोजत नाही. शिवाय ती सहा रिकामी बाकं एका वर्षापुरती नसतात, तोच वर्ग इयर सिक्सपर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्गापर्यंत, चढत जातो. लंडनमध्ये जन्मदर घटल्यानं किती शाळा या कात्रीत सापडल्या आहेत, हे तू वाचतेच आहेस.

खर्च मात्र हवा तेव्हा कमी करता येत नाही. ऑगस्टअखेर जाणाऱ्या शिक्षकाला राजीनामा ३१ मेपर्यंत द्यावा लागतो. एप्रिलमध्ये एक जागा कमी करायची ठरवली, तरी बचत सुरू होते सप्टेंबरला. आर्थिक वर्षाचे पाच महिने तोवर गेलेले. पगारवाढही सप्टेंबरपासूनच लागू होते, आणि तिचा आकडा बहुधा बजेट मंजूर झाल्यावर कळतो. २०२३ मध्ये शिक्षकांना ६.५ टक्के मिळाले, २०२४ मध्ये ५.५. सरकारनं काही भार अनुदानातून उचलला, पण तो प्रत्येक शाळेला पुरलाच असं नाही. गंगाजळी हवी ती याच काळासाठी: खर्च वाढल्यापासून तो आवरता येईपर्यंत. तेवढी ठेवायला मी कधी आक्षेप घेणार नाही.

आक्षेप आहे तो बिनकारणी साठ्याला. हे पैसे आज वर्गात बसलेल्या मुलांसाठी आले होते. इयर सिक्सची मुलं जुलैत शाळा सोडतील आणि त्यांच्या वाट्याचं वाचन-साहाय्य ‘पुढे कधीतरी’साठी बँकेत पडून राहील. शिलकेतला कमिटेड, म्हणजे ठरावीक कामासाठी राखलेला, भाग वेगळा मागून घे आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख विचार. दरवर्षी ‘यंदा बदलणार’ म्हणून नोंदलेला बॉयलर मी पाहिला आहे. तो बॉयलर नसून पैसे लपवायची जागा असते.

एक सापळा मात्र टाळ. शिल्लक आहे म्हणून कायमचा शिक्षक नेमू नका. साठा एकदाच संपतो, पगार दरवर्षी द्यावा लागतो. गळकं छप्पर किंवा एका वर्षाचा जादा गणिताचा गट यांसाठी तो वापरावा. डिव्हॉल्व्ड कॅपिटलचा, म्हणजे इमारत आणि साधनसामग्रीसाठी मिळणाऱ्या निधीचा, हिशेब वेगळाच असतो. तो तीन वर्षांत वापरला नाही तर परत जातो, आणि त्यातून पगार देता येत नाहीत. पालकसंघानं जमवलेले पैसेही या शिलकेत मिसळू देऊ नकोस.

तुमची हेडटीचर अकॅडमी ट्रस्टमध्ये, म्हणजे कौन्सिलच्या अखत्यारीबाहेर शाळा चालवणाऱ्या संस्थेत, जायचं म्हणते आहे, तर त्या ट्रस्टचे लेखापरीक्षित हिशेब वाच. ते वेबसाइटवर असतातच. आर्थिक वर्ष तिथे सप्टेंबर ते ऑगस्ट. एकूण फंड कोट्यवधींचे दिसतील, पण त्यात इमारतींची किंमत धरलेली असते आणि भिंती विकून पगार होत नाहीत. अनिर्बंध निधी (कशावरही खर्चता येणारा) आणि उरलेलं सर्वसाधारण अनुदान एवढंच बघ. शिवाय ट्रस्ट सगळ्या शाळांची शिल्लक एकत्र करू शकतो. तुम्ही काटकसरीनं राखलेले पैसे दुसऱ्या गावच्या शाळेची तूट भरायला जाऊ शकतात. यात वाईटच आहे असं मी म्हणणार नाही, पण सही करण्यापूर्वी त्यांचं राखीव निधीचं धोरण मागा.

मार्चअखेर एसएफव्हीएसची, म्हणजे शाळेच्या आर्थिक कारभाराच्या स्व-तपासणीची, प्रश्नावली कौन्सिलला द्यावी लागते. तिच्यात शिलकेबद्दलही प्रश्न असतो. बिझनेस मॅनेजरनं आधीच भरून आणली असेल तर नुसतं ‘मंजूर’ म्हणू नकोस. तो प्रश्न बैठकीत मोठ्यानं वाचायला लाव. तीन वर्षांचा अंदाज हातात आला की मलाही पाठव. रिसेप्शनमध्ये किती मुलं धरली आहेत, ते मी आधी बघेन.

तुझा,
काका