हृदयात चरबीची गाठ निघाली, तर ऑपरेशन करावंच लागतं का?

वडील 62 वर्षांचे, त्रास काहीच नाही, टू-डी इकोत उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात गाठ दिसली आणि रिपोर्टमध्ये ‘लायपोमा?’, म्हणजे चरबीची साधी गाठ का, असं लिहिलंय. ऑपरेशन लगेच करायचं का, असं तुम्ही विचारलंय. मी हृदयाचे एमआरआय वाचणारा रेडिओलॉजिस्ट आहे. आधी एमआरआय करून घ्या, ऑपरेशनचं त्यानंतर ठरवा.

इकोत गाठ कुठे आहे, केवढी आहे, रक्ताची वाट अडवते का, हे छान कळतं. ती कशाची आहे हे मात्र खात्रीने कळत नाही. मिक्सोमा (हृदयातली कॅन्सर नसलेली दुसऱ्या प्रकारची गाठ) असू शकतो, रक्ताची गुठळी असू शकते, दुसरीकडून पसरलेला कॅन्सरही असू शकतो. म्हणून ते प्रश्नचिन्ह. एमआरआयमध्ये चरबी पांढरीशुभ्र दिसते. मग आम्ही फक्त चरबीचा सिग्नल दाबून तेच चित्र पुन्हा घेतो. छातीच्या कातडीखालची चरबी काळी पडते. तिच्यासोबत गाठही तितकीच काळी पडली आणि गॅडोलिनियम (शिरेतून दिलं जाणारं, चित्र उजळवणारं औषध) दिल्यावर उजळली नाही, तर निदान जवळपास पक्कं. तुकडा काढून तपासायची वेळ सहसा येत नाही. गाठीच्या आत जाड पडदे दिसले किंवा काही भाग उजळला, तर मात्र लायपोसार्कोमाची, म्हणजे चरबीच्या कॅन्सरची शंका घ्यावीच लागते.

आणखी एक शक्यता. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातच चरबी साठून तो 2 सेंटिमीटरहून जाड होतो, मधला पातळ भाग तेवढा सुटतो, त्यामुळे आकार डंबेलसारखा दिसतो. उतारवयात, वजन जास्त असलेल्यांत हे आढळतं. ती खरी गाठ नव्हेच, आणि बहुतेकांना उपचार लागत नाहीत.

नातेवाईक हमखास विचारतात, म्हणून सांगतो : याचा कोलेस्टेरॉलच्या ब्लॉकेजशी संबंध नाही. स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांनी) किंवा वजन उतरवून लायपोमा विरघळत नाही.

त्रास नसेल, झडप मोकळी असेल, तर ठरावीक अंतराने इको करून लक्ष ठेवणं पुरतं. धाप, ठोके अनियमित होणं, रक्तप्रवाहाला अडथळा किंवा गाठ वाढत जाणं, यांपैकी काही असेल तर मात्र काढावी. बहुधा छाती उघडून, हार्ट-लंग मशीनवर. वेष्टनासकट पूर्ण निघाली तर ती पुन्हा होणं विरळाच. स्नायूत रुतलेली असेल तर सर्जनचं काम अवघड होतं, तेव्हा अशा गाठी काढलेला सर्जन शोधा आणि एमआरआयची सीडी सोबत न्या, नुसता कागदी रिपोर्ट नको.

मधल्या काळात वडिलांना भोवळ येऊन शुद्ध हरपली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच इमर्जन्सीत न्या.