‘इग्झेम्प्लिफाय’ला मराठीत काय म्हणायचं?

एका भाषांतरकार मैत्रिणीने विचारलं: ‘शी इग्झेम्प्लिफाइज करेज’चं तिने ‘ती धैर्याची उदाहरणे देते’ असं मराठी केलं, तर तपासणाऱ्याने लाल रेघ मारली. चूक काय, आणि हा शब्द आला कुठून?

रेघ योग्य आहे. या क्रियापदाचे अर्थ दोन. कर्ता लेखक किंवा शिक्षक असेल आणि आपला मुद्दा पटवत असेल, तर ‘उदाहरण देणे’. पण कर्ता स्वतःच नमुना असेल तर तो उदाहरण देत नाही, तो उदाहरण असतो. म्हणून इथे ‘ती म्हणजे मूर्तिमंत धैर्य’.

मूळ लॅटिन. ‘एमेरे’ म्हणजे घेणे (पुढे ‘विकत घेणे’ही), ‘एक्स’ म्हणजे बाहेर. ढिगातून बाहेर काढून घेतलेलं ते ‘एक्झेम्प्लुम’. त्याला ‘करणे’ अर्थाचा ‘फाकेरे’ चिकटला आणि क्रियापद झालं. दुकानातलं ‘सॅम्पल’ याच घरातलं. फ्रेंचमार्गे येताना पहिला स्वर गळाला, एवढंच. करातून ‘एक्झेम्प्ट’ झालेला माणूसही मुळात बाहेर काढलेलाच.

आता आपलं ‘उदाहरण’ बघा. उद् + आ + हृ, म्हणजे उचलून पुढे आणलेलं. रास पडली आहे, त्यातलं एक उचला, ही एकच कृती दोन्ही भाषांना दिसली. शितावरून भाताची परीक्षा करायची तरी शीत आधी पातेल्यातून बाहेर काढावं लागतंच की.

मला खरी गंमत वाटते ती कायद्यातल्या अर्थाची. दस्तऐवजाची शिक्क्यानिशी प्रमाणित नक्कल करून देणं, यालाही इंग्रजी कायद्याच्या भाषेत ‘इग्झेम्प्लिफाय’ म्हणतात. अमेरिकेतल्या कोर्टांतून अशा नकला आजही मिळतात. आणि मराठीत? ‘दाखला देणे’! वक्ता इतिहासातला दाखला देतो, तहसील कचेरी उत्पन्नाचा दाखला देते. उदाहरण आणि शिक्क्याचा कागद, दोन्ही एकाच शब्दात. फरक इतकाच, की ‘दाखला’ अरबीतल्या ‘आत शिरणे’ या अर्थाच्या धातूवरून आला, ‘दाखल होणे’मधल्या. लॅटिनवाले बाहेर काढतात, आपण आत घेतो.

भाषांतर करताना अडलात तर क्रियापद सरळ सोडून द्या. इंग्रजीत क्रियापद आहे म्हणून मराठीतही तेच हवं, या हट्टातून ‘उदाहरणित करणे’सारखे शब्द जन्मतात आणि वाचणाऱ्याचे दात आंबतात. ‘बोलकं उदाहरण’, ‘मूर्तिमंत’, ‘…चा उत्तम नमुना’ यांवर बहुतेक वेळा भागतं. यातला शेवटचा मात्र जपून वापरा. ‘उत्तम’ गाळून नुसतं ‘तो म्हणजे एक नमुना आहे’ म्हणालात, की स्तुती तिथेच संपली.