वाचकांचे प्रश्न : व्हॅन परत दिली, आता घरात करमत नाही

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर झाल्यावर न्यूझीलंडला गेलो होतो, कॅम्पर व्हॅन (आतच झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन ऑकलंडपासून क्राइस्टचर्चपर्यंत, जवळजवळ दोन महिने. परत येऊन महिना होत आला पण घरात करमतच नाही. सकाळी उठल्यावर काय करायचं ते सुचत नाही. सगळ्यात जास्त लागतं ते हे की तिकडे आम्ही दिवसभर बोलायचो, आता मिस्टर हॉलमध्ये टीव्ही लावतात आणि मी आत. मुलगी म्हणते कौन्सेलरकडे जा. एवढी छान ट्रिप झाल्यावर रडू यावं हे बरोबर आहे का?
(नाशिकच्या एक वाचक)

उत्तर : ताई, रडू आलं तर येऊ द्या, त्यात वावगं काही नाही. मीही न्यूझीलंडचं दक्षिणेकडचं बेट, साउथ आयलंड, असंच व्हॅनने फिरले आहे आणि परत आल्यावर बराच काळ माझंही चित्त थाऱ्यावर नव्हतं.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट फार जाणवली. त्यात डोंगर एकदाही आले नाहीत, टेकापो तळ्याचं ते दुधाळ निळं पाणी आलं नाही (हिमनदीने दळलेल्या दगडाची बारीक पूड पाण्यात तरंगत राहते म्हणून तो रंग), मिलफर्ड साउंडची ती डोंगरांमधली खाडी आली नाही. आलं ते बोलणं. म्हणजे तुम्हाला चुकल्यासारखं वाटतंय ते दोघांच्या त्या दिवसाविना.

आता तो दिवस कसा असायचा बघा. सकाळी एकाने बेड मोडून, गाद्या सरकवून टेबल लावायचं आणि तोवर दुसऱ्याने बाहेर थंडीत उभं राहायचं, कारण आत दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊच शकत नाहीत. "झालं का, येऊ का आत?" इथून बोलणं सुरू. मग पाण्याची टाकी किती शिल्लक आहे, ग्रे वॉटर म्हणजे सिंकचं सांडपाणी भरत आलंय का, ते रिकामं करायचं डंप स्टेशन कुठल्या गावात, आज लाइटचं कनेक्शन असलेली पॉवर्ड साइट घ्यायची की डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनच्या (तिकडचं सरकारी निसर्ग संवर्धन खातं) साध्या कॅम्पसाइटवर झोपायचं, टॉयलेटची कॅसेट (खालची काढता येणारी टाकी) रिकामी करायची पाळी कुणाची. गाडी चालताना वन लेन ब्रिज, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची गाडी जाईल असा पूल, आला की शेजारच्याने बोर्ड बघून ओरडायचं, आपल्या बाजूचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबा, समोरच्याला आधी जाऊ द्या. हास्ट गावाकडून वेस्ट कोस्टला वर जाताना असे पूल एकामागून एक येतात, तिथे गप्प बसून चालतच नाही. दुसऱ्याला विचारल्याशिवाय व्हॅनमध्ये साधा चहासुद्धा होत नाही, आणि घरात विचारायची गरजच पडत नाही, नळ सोडला की पाणी, प्रत्येकाला वेगळी खोली, प्रत्येकाचा वेगळा मोबाइल. तुमच्या नात्यात काही बिघडलंय असं मला पत्र वाचून अजिबात वाटलं नाही, बोलायला लावणारी कामं फक्त गेली.

त्यात परत आल्यावर कानावर जे आदळतं तेही आहेच. अख्खा न्यूझीलंड आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान, पण लोकसंख्या साधारण ५३ लाख, आणि आपली २०११ च्या जनगणनेतच ११ कोटींच्या वर. साउथ आयलंडवर तर जेमतेम साडेबारा लाख माणसं. दोन महिने त्या शांततेत काढून एकदम नाशिकच्या द्वारका सर्कलच्या गर्दीत उभं राहिल्यावर जीव घाबराघुबरा होणारच.

आता करायचं काय. दोघांशिवाय होणार नाही असं एखादं काम घरात मुद्दाम ठेवा. रात्रीचा स्वयंपाक दोघांनी एकाच ओट्यावर करा, टीव्ही बंद ठेवून, आणि हे मिस्टरांना स्पष्ट सांगा की मला तुमच्याशी बोलायचंय म्हणून हे करतेय, आपोआप कळेल अशी वाट बघू नका. कदाचित तेही आतून हेच सोसत असतील आणि टीव्ही त्यासाठीच लावत असतील. आठवड्यातून एकदा गंगापूर धरणाकडे, महिन्यातून एकदा भंडारदऱ्याला, छोटा गॅस आणि डबे घेऊन जा, हॉटेलात जेवू नका. व्हॅन विकत घ्यायची हुक्की येईल, पण आत्ता नको. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, इथेही भाड्याने गाड्या मिळतात, आधी एकदा तशा गाडीत राहून बघा.

आणि मुलगीही चुकीचं सांगत नाहीये. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना जरूर भेटा, लाजू नका.

प्रश्न : आमचा महिनाभराचा व्हॅन प्रवास पुढच्या आठवड्यात क्राइस्टचर्चला संपतोय. शेवटचे दिवस कसे ठेवावेत? बायको म्हणते राहिलेलं सगळं बघून घेऊ.
(एक वाचक, सध्या वानाका, न्यूझीलंड)

उत्तर : वहिनींना माझ्याकडून हात जोडून सांगा की राहिलेलं राहू द्या. शेवटच्या तीन दिवसांत धावपळ केली की आठवणीत ती धावपळच उरते हो! मी म्हणेन आकारोआ या गावाला जा, क्राइस्टचर्चपासून दीडेक तासावर आहे (रस्ता वळणावळणाचा आहे, हळू चालवा), तिथे एकाच जागी दोन रात्री राहा आणि कुठेही जाऊ नका. सगळं सामान बाहेर काढा, निवांत आवरा.

गाडी देतानाच्या गोष्टी आदल्या दिवशीच उरका. कॅसेट आणि ग्रे वॉटर डंप स्टेशनवर रिकामं करा, ते रस्त्याकडेला कधीच सोडायचं नाही. गाडी डिझेलची असेल तर किलोमीटरप्रमाणे रोड युझर चार्जचं वेगळं बिल लागतं. तिकडे डिझेलवर पंपावर रस्त्याचा टॅक्स घेत नाहीत, तो असा घेतात, त्यामुळे बिल बघून फसवलं म्हणून काउंटरवर भांडू नका, पण मीटरचा फोटो मात्र घेताना आणि देताना दोन्ही वेळा काढून ठेवा. उरलेले तांदूळ, डाळ, तेल, मीठ फेकू नका, बहुतेक हॉलिडे पार्कच्या (व्हॅन लावून राहायची जागा) सामायिक किचनमध्ये मागे राहिलेल्या वस्तूंचं एक फुकट शेल्फ असतं, तिथे ठेवा. मसाल्याच्या डब्यांवर इंग्रजीत नाव आणि 'तिखट आहे' एवढं लिहा, आपली लाल मिरची पावडर कुणी पॅप्रिका समजून चमच्याने घातली तर बिचाऱ्याचे हाल होतील.

प्रश्न : ट्रिपचे हजारो फोटो आहेत, बघायला बसलं की दमायला होतं. काय करू?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : डोंगरांचे बहुतेक डिलीट करा, तसे फोटो नेटवर भरपूर आहेत. व्हॅनच्या आतले, सिंकमधल्या भांड्यांचे, झोपेतून उठलेल्या चेहऱ्यांचे, नकाशावर बोट ठेवून वाद घालतानाचे सगळे ठेवा, त्यातले पन्नासेक छापून घ्या आणि मागे गावाचं नाव आजच लिहा, पुढच्या वर्षी कुणालाच आठवणार नाही.