लहान मुलं आणि त्यांचे पालक, दोघांनाही सामावून घेणारा नाट्यप्रयोग कसा बसवावा?

तुम्ही लिहिलंय की वाचनालयाच्या सभागृहात दोन ते सात वर्षांची मुलं आणि त्यांच्या घरची मंडळी यांच्यासाठी प्रयोग करायचाय, आणि मुलांनी नुसतं बघत न बसता त्यात सामील व्हावं अशी तुमची इच्छा आहे. मागच्या वेळी सूत्रधाराने ‘कोण कोण मदत करणार?’ असं विचारलं. चार-पाच धीट मुलं मंचावर चढली ती उतरेचनात, बाकीची आईला बिलगली आणि पालकांनी मोबाईल वर धरले. मी बरीच वर्षं याच प्रकारचे प्रयोग बसवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घोळ मुलांमध्ये नाही, त्या प्रश्नात आहे. ‘कोण मदत करणार?’ असं विचारलं जातं तेव्हा बहुतेक वेळा गोष्टीला मदत नकोच असते. मुलं आली काय, न आली काय, पुढचा प्रवेश ठरल्याप्रमाणेच होणार असतो. मुलांना हे फार लवकर उमगतं. मग धीट मुलांना मंचावर उभं राहणं हीच गंमत वाटते आणि बुजऱ्यांना ती परीक्षा वाटते. तुमची संहिता पुन्हा हातात घ्या. जिथे जिथे मुलांनी काही करायचं आहे तिथे थांबून विचारा, त्यांनी हे केलंच नाही तर गोष्टीत काय बदलेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ती जागा सरळ काढून टाका. दहा दिखाऊ जागांपेक्षा दोन खऱ्या जागा पुरतात.

1904 साली लंडनमध्ये ‘पीटर पॅन’ पहिल्यांदा रंगमंचावर आलं. त्यात मरणाच्या दारात असलेल्या परीला वाचवण्यासाठी प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या असतात. कोणी टाळ्या वाजवल्याच नाहीत तर काय, या धास्तीने लेखक जे. एम. बॅरी यांनी वाद्यवृंदाला सांगून ठेवलं होतं की तसं झालं तर वाद्यं खाली ठेवा आणि तुम्हीच टाळ्या वाजवा. तशी वेळ आली नाही, प्रेक्षकांनी भरभरून टाळ्या दिल्या. तो क्षण सुंदर आहे यात शंका नाही. पण परी तशीही जगणारच होती. समोर शेकडो माणसं बसलेली असताना याहून फार काही करता येत नाही. तुमच्यासमोर मात्र वीस-पंचवीस मुलं असणार आहेत, आणि एवढ्या मुलांचं म्हणणं गोष्टीला खरोखर ऐकता येतं.

ब्रिटिश नाट्यकर्मी ब्रायन वे यांनी 1953 मध्ये मार्गारेट फॉक्स यांच्यासोबत लंडनला थिएटर सेंटर ही नाट्यसंस्था सुरू केली आणि पुढे कितीतरी वर्षं मुलांच्या सहभागाचाच विचार केला. त्यांनी सहभागाचे तीन प्रकार सांगितले. मुलं आपणहून ओरडतात, हसतात, धोक्याची सूचना देतात तो उत्स्फूर्त. नट अशी परिस्थिती उभी करतो की मुलांना काहीतरी सुचवावंसं, करावंसं वाटतं, तो दुसरा. आणि ‘आता सगळे वाऱ्याचा आवाज काढा’ असं सांगून करवून घेतला जातो तो तिसरा. नवख्या गटांच्या प्रयोगात जवळजवळ सगळा भार तिसऱ्यावर असतो, कारण तो लिहायला सोपा. माझ्या मते दोन ते सात वयासाठी दुसरा प्रकार हाच खरा गाभा आहे. पात्राला अडचण असावी, ती मुलांना दिसावी आणि ती सोडवायचं साधन मुलांच्या हातात असावं. मदत मागायचीसुद्धा गरज पडू नये.

एक उदाहरण देते. आमच्या एका प्रयोगात कासवाला नदी ओलांडायची असते. नदी म्हणजे लांबलचक निळं कापड. आत येतानाच दाराशी प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याचा एक चपटा दगड मिळतो, कशासाठी ते कोणी सांगत नाही. कासव काठाशी येतं, पाण्यात पाय घालून बघतं, मागे सरकतं. पुन्हा बघतं. नट काही बोलत नाही, मुलांकडे बघतसुद्धा नाही. मग कुठूनतरी एक मूल उठतं आणि आपला दगड कापडावर ठेवतं. एका प्रयोगात सगळे दगड पडले आणि शेवटच्या दगडाएवढी फट राहिली. तो दगड साधारण तीन वर्षांच्या एका मुलाकडे होता. तो पार मागे बाबांच्या मांडीवर बसलेला, दगड पोटाशी घट्ट धरून. बाबा कानात ‘दे ना, दे ना’ म्हणायला लागले तसा तो आणखीच आखडला. कासवाने मान वळवली, त्या दगडाकडे बघितलं आणि म्हणालं, “अच्छा, नदी तिकडून जाते होय!” दोघा नटांनी कापडाची टोकं उचलली आणि नदी हळूहळू वळवत त्या मुलाच्या पायापाशी आणली. बाकीच्या मुलांनी आपापले दगड उचलून नव्या वाटेवर मांडले. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्याने दगड सोडला नाहीच. पण एक पाऊल पुढे टाकून ते नदीत ठेवलं, आणि कासव त्याच्या पावलावरून पलीकडे गेलं.

हे त्या नटाला ऐन वेळी सुचलं असं वाटेल, पण त्यामागे तालीम होती. संहितेतल्या प्रत्येक मोकळ्या जागेसाठी आम्ही तीन तालमी करतो. मूल हो म्हणालं तर काय, नाही म्हणालं तर काय, आणि भलतंच काही केलं तर काय. ‘नाही’ची तालीम सर्वात जास्त वेळा करा. मुलाचा नकार आला की नटाचा चेहरा पडता कामा नये, आर्जवं तर अजिबात नकोत. तो नकार गोष्टीतलीच एक घटना आहे असं धरून पुढे जायला नट शिकला की निम्मं काम झालं.

आता आईला बिलगलेली मुलं. त्यांच्या बाबतीत आधी मोठ्यांकडे बघा. 1985 मध्ये जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक वर्षाच्या बाळांना जाड काचेच्या टेबलावर ठेवलं होतं. काचेखाली मध्येच खोली सुरू झाल्याचा भास होत होता, आणि पलीकडे आई उभी होती. आईने हसरा चेहरा केला तेव्हा 19 पैकी 14 बाळं ती जागा ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. अनोळखी गोष्टीसमोर मूल आधी आपल्या माणसाचा चेहरा वाचतं. तुमच्या सभागृहात त्या माणसाचा चेहरा मोबाईलमागे असेल किंवा ‘आता हा सगळ्यांसमोर रडणार’ या काळजीत असेल, तर मुलाला तेच कळणार.

म्हणून मोठ्यांना पहिल्या पाच मिनिटांतच काम द्या, आणि तेही दोन्ही हात गुंतणारं. आमच्याकडे नदीच्या कापडाच्या कडा पालक आणि आजी-आजोबा धरतात, लाटा तेच करतात. हात गुंतले की मोबाईल आपोआप खाली जातो, ‘मोबाईल बंद ठेवा’ अशी सूचना द्यावीच लागत नाही. फोटो हवेच असतील तर प्रयोगानंतर नदी अंथरलेली ठेवा आणि तेव्हा काढू द्या. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा, पालकांना पुढे बोलावून त्यांची फजिती करणं. हशा मिळतो, पण आपल्या माणसाला सगळे हसले हे लहान मुलाला आवडतंच असं नाही, आणि बाकीचे पालकही मग अंग चोरून बसतात.

बघत बसलेल्या मुलाला ओढू नका, हे मी कितीही वेळा सांगेन. मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्ये मुलांच्या खेळातल्या सहभागाची जी वर्गवारी मांडली, त्यात दुसऱ्यांचा खेळ लक्ष देऊन बघत राहणं याला स्वतंत्र स्थान आहे. इतर मुलं खेळत असताना जवळ उभं राहून टक लावून बघणारं मूल तिथे असतंच, फक्त अजून आत शिरलेलं नसतं. कित्येक मुलं प्रयोगात हलतही नाहीत आणि घरी गेल्यावर उशांवर अख्खं नाटक करतात, असं पालक नंतर आवर्जून सांगतात. अशा मुलांसाठी बसायची एक जागा ठरवा. ती जरा बाजूला असावी, पण तिथून सगळं दिसावं. आणि दारावरच्या माणसाला सांगून ठेवा की मूल बाहेर गेलं, पुन्हा आत आलं, तरी काही हरकत नाही.

धुडगुसाचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. मुलांना काय सुरू करायचं ते सांगितलेलं असतं, कधी थांबायचं ते नसतं. ‘सगळे वादळ व्हा!’ म्हटलं की वादळ होणारच, मग ते शमवायला सूत्रधार ‘शांत बसा, शांत बसा’ म्हणत फिरतो आणि तोवर गोष्ट मेलेली असते. शेवट कृतीतच घाला. ढोल वाजतोय तोवर वादळ, ढोल थांबला की प्रत्येक थेंब जिथे आहे तिथेच गोठतो. हा खेळ सुरुवातीलाच, गोष्ट सुरू होण्याआधी दोनदा खेळून घ्या. आणि शक्य असेल तर मंच नकोच. सगळ्यांना जमिनीवर गोलात बसवा. चढायला उंचवटाच नसला की त्यावर चढण्यातली गंमतही जाते.

बाकी गोष्टी थोडक्यात. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अर्धा तास, फार तर पस्तीस मिनिटं, आणि नंतर वस्तू हाताळायला मोकळा वेळ. अंधार करू नका. अचानक मोठा आवाज नको. कोणत्याही मुलाला हात लावण्याआधी त्याला विचारा. साधारण सात-आठ मुलांमागे गटातला एक माणूस असू द्या. लंडनचा ऑइली कार्ट हा गट 1981 पासून अगदी लहान मुलांसाठी आणि पुढे गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांसाठीही प्रयोग करत आला आहे. स्पर्श, वास, पाणी, ट्रॅम्पोलीन असं सगळं त्यांनी रंगभूमीवर आणलं. त्यांची मला सर्वात भावलेली पद्धत म्हणजे मुलाचं नाव गाण्यात गुंफून त्याच्यासमोर ते गाणं गाणं. पंचवीस मुलं असली तरी हे जमतं. दाराशी नाव विचारा, छातीवर चिठ्ठी लावा आणि पहिल्या गाण्यात प्रत्येक नाव एकदा येऊ द्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की याच प्रयोगात वस्तीतल्या मोठ्या माणसांचे प्रश्नही आणता येतील का. त्याच प्रयोगात आणू नका, त्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा. ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांचा फोरम थिएटर हा प्रकार तिथे उपयोगी पडेल. अन्यायाचा किंवा पेचाचा एक छोटा प्रवेश करायचा, मग तोच पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून पात्राच्या जागी उभं राहून वेगळा मार्ग करून बघायचा. नुसतं सुचवायचं नाही, करून दाखवायचं. बोआल पुढे रिओ दि जानेरोच्या नगरसभेत निवडून गेले आणि 1993 ते 1996 या काळात अशाच प्रयोगांमधून पुढे आलेल्या मागण्यांचे 13 कायदे झाले. पण तिथेही तोच निकष लावा, लोकांनी सुचवलेल्या मार्गाने प्रवेश खरंच वेगळा संपू शकतो का? नटांनी शेवट आधीच ठरवून ठेवला असेल तर लोक एकदा येतील, पुन्हा यायचे नाहीत. आणि कोणाच्या घरची गोष्ट वापरणार असाल तर त्या माणसाला आधी विचारा, बसवलेला प्रवेश आधी त्यालाच दाखवा आणि तो नको म्हणाला तर सोडून द्या.

तुमच्या हातात थोडेच आठवडे आहेत असं दिसतंय. मी तुमच्या जागी असते तर नेपथ्य आणि पोशाख सध्या बाजूला ठेवले असते आणि याच आठवड्यात तीन कुटुंबांना तालमीला बोलावलं असतं. त्यातलं एक मूल बुजरं असेल असं बघा. प्रयोग अर्धवट असला तरी चालेल. गटातल्या एकाने नटांकडे अजिबात न बघता फक्त मुलं आणि पालक काय करतात ते लिहून काढावं. कोण कधी पुढे सरकलं, कोणाची नजर कधी दाराकडे गेली, आईने मुलाला कोपराने कधी ढोसलं. पालकाने ढोसलं त्या प्रत्येक जागी तुमच्या गोष्टीने मुलाला पुरेसं कारण दिलेलं नाही असं समजा, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच दुरुस्ती सुरू करा.