ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं लायसन्स कंपनीने मधेच बदललं तर आपण काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेचं सगळं काम एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालतं, ते सॉफ्टवेअर एका कंपनीच्या हातात आहे, आणि हल्ली अशा कंपन्या एकामागून एक लायसन्स बदलताना दिसतात. उद्या आपल्यावर ही वेळ आली तर काय? असल्या सॉफ्टवेअरवर विसंबावं की नाही?

विसंबावं. पण ‘आज ते ओपन सोर्स आहे’ एवढ्यावर नाही. ते लायसन्स बदलायचा हक्क कुणाच्या हातात आहे, हे आधी बघा. मला हे फार उशिरा कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी एका ओपन सोर्स प्रकल्पाला हातभार लावत होतो. तारखांच्या हिशेबातले बग, मदतीच्या पानांवरच्या चुका, अशी कामं; बहुतेक रात्री जागून केलेली. पहिला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला तेव्हा एक करार समोर आला. कॉन्ट्रिब्युटर लायसन्स ॲग्रीमेंट, म्हणजे सीएलए. मी तो न वाचता मान्य केला. माझा कोड कंपनी पुढे हव्या त्या लायसन्सखाली वाटू शकते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तीन वर्षांनी कंपनीने नेमकं तेच केलं. कायद्याने तिचं काही चुकलं नाही, मान्यता मीच दिली होती. तरी ते मनाला लागलं आणि अजूनही लागतं, कारण ते काम मी सगळ्यांसाठी म्हणून केलं होतं.

यामागचं तत्त्व सोपं आहे. कोडवर कॉपीराइट असतो आणि लायसन्स ही कॉपीराइटधारकाने दिलेली परवानगी असते. सगळा कॉपीराइट, किंवा तो हवा तसा वापरायची मुभा, एकाच कंपनीकडे असेल तर पुढच्या आवृत्तीपासून ती परवानगी बदलू शकते. धारक हजारो असतील तर त्या सगळ्यांना विचारावं लागतं, आणि ते व्यवहारात अशक्य असतं.

लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं बघा. १९९२ पासून ते जीपीएल या लायसन्सखाली आहे; बदललेला कोड वाटायचा तर तो त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. त्यात हजारो लोकांचा आणि शेकडो कंपन्यांचा कोड आहे, आणि कुणीही आपला हक्क कुणाच्या नावावर करून दिलेला नाही. २००४ पासून तिथे पॅचसोबत सही म्हणून फक्त एक ओळ जोडायची असते. ‘हा कोड या लायसन्सखाली द्यायचा मला अधिकार आहे’ एवढाच तिचा अर्थ. त्या ओळीने कुणालाच जास्तीचा हक्क मिळत नाही. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली तेव्हा लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांना ती पटली नाही. पण समजा पटली असती, तरी एकट्याच्या मर्जीने त्यांना कर्नल तिकडे नेता आलं नसतं. एकमेकांच्या कट्टर स्पर्धक कंपन्या तिथे एकमेकांच्या कोडने बांधल्या गेल्या आहेत. मला ही रचना फार मोलाची वाटते.

आता दुसरी बाजू. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एजीपीएल (जीपीएलचंच जास्त कडक रूप) सोडून स्वतः तयार केलेलं, ओपन सोर्स न मानलं जाणारं एसएसपीएल लावलं. इलॅस्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलॅस्टिकने २०२१ मध्ये अपाचे हे सैल लायसन्स सोडलं. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म (सर्व्हर वगैरे उभारायचं साधन) आणि इतर उत्पादनं स्पर्धकांच्या वापरावर बंधन घालणाऱ्या बिझनेस सोर्स लायसन्सखाली नेली. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये बीएसडी लायसन्स सोडलं. रेडिसची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण बीएसडीसारखं सैल लायसन्स असेल तर सीएलएची गरजही पडत नाही. त्या लायसन्समध्येच ‘नाव आणि सूचना कायम ठेवा, बाकी काहीही करा’ असं असतं, म्हणून तो कोड घेऊन पुढची आवृत्ती बंद करता येते.

या कंपन्यांची तक्रार मला अगदीच खोटी वाटत नाही. कोड आम्ही लिहायचा, आणि मोठ्या क्लाउड कंपन्यांनी तो सेवा म्हणून विकून पैसे कमवायचे, असं त्यांचं म्हणणं होतं. मेंटेनरचं, म्हणजे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याचं, पोट कशावर चालावं, या प्रश्नाला आपल्या क्षेत्राने अजून धड उत्तर दिलेलं नाही. २०१४ मध्ये हार्टब्लीड हा सुरक्षेतला मोठा दोष उघडकीस आला तेव्हा कळलं, की जगभरच्या वेबसाइट माहिती गुप्त ठेवायला ज्या ओपनएसएसएलवर उभ्या आहेत, ते सांभाळायला मूठभर माणसं आहेत आणि देणग्या नगण्य. पण माझा आक्षेप पैसे कमावण्याला नाहीच. ओपन सोर्स म्हणून लोकांना बोलवायचं, त्यांचं काम घ्यायचं, विश्वासावर बाजारपेठ उभी करायची, आणि ती उभी राहिल्यावर अट बदलायची, याला आहे. पहिल्या दिवसापासून बंद असलेलं सॉफ्टवेअर निदान कुणाला फसवत नाही.

कंपनीच्या शब्दावर किती जायचं, यासाठी दोन उदाहरणं समोरासमोर ठेवतो. इलॅस्टिकने २०१८ मध्ये आपल्या जोडउत्पादनाचा कोड खुला करताना लिहिलं होतं, की अपाचे लायसन्सखालच्या कोडचं लायसन्स आम्ही बदललेलं नाही आणि कधीही बदलणार नाही. तीन वर्षांच्या आत ते बदललं. त्याच्या बराच आधी, १९९८ मध्ये, केडीई या डेस्कटॉप प्रकल्पासमोर असाच पेच होता. त्यांचा सगळा डोलारा ट्रोलटेक कंपनीच्या क्यूटी या टूलकिटवर (खिडक्या, बटणं वगैरे बनवायच्या तयार कोडवर) होता. त्यांनी नुसता शब्द घेतला नाही. एक फाउंडेशन काढून लेखी करार केला: कंपनीने ठरलेल्या मुदतीत क्यूटीची मुक्त आवृत्ती काढली नाही, तर फाउंडेशन ती बीएसडीसारख्या लायसन्सखाली खुली करू शकेल. पुढे क्यूटी ट्रोलटेककडून नोकियाकडे गेलं, तिथून डिजियाकडे, मग स्वतंत्र कंपनीकडे. मालक बदलत गेले, करार टिकला. हे काम त्या वेळी काही स्वयंसेवकांनी केलं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

तुमच्या भीतीबद्दल एक दिलासा आहे. लायसन्स बदललं तरी ते मागे जाऊन लागू होत नाही. आधी खुली दिलेली आवृत्ती खुलीच राहते, ती वापरता येते, वाटता येते, तिच्यापासून फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प, काढता येतो. अडचण पुढे येते, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्या आवृत्तीत जातात आणि जुनी हळूहळू धोक्याची होत जाते. शिवाय फोर्कला माणसं लागतात. रेडिसने घोषणा केल्यावर आठवडाभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वॅल्की हा फोर्क उभा राहिला, कारण ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल यांच्यासारख्यांना त्याची गरज होती. टेराफॉर्मचा ओपनटोफू झाला, इलॅस्टिकसर्चचा ओपनसर्च. नावं बदलावी लागली, कारण कोड खुला असला तरी ट्रेडमार्क कंपनीचाच असतो. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय पुन्हा दिला. तगडा फोर्क समोर असल्याशिवाय हे घडलं नसतं, असं माझं मत आहे. तुमचं सॉफ्टवेअर लहान असेल तर मात्र त्याच्यासाठी कुणी मोठा धावून येईल, असं धरून चालू नका.

लायसन्स सैल असूनही बरीच सुरक्षित राहिलेली उदाहरणंही आहेत. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस कुठल्याही एका कंपनीचा नाही. २०२० मध्ये या क्षेत्रातल्या एका कंपनीने दुसरी विकत घेतली आणि पोस्टग्रेसच्या कोअर टीममध्ये एकाच कंपनीचे लोक निम्म्याहून जास्त झाले. तेव्हा टीमने स्वतःहून सांगितलं, की निम्म्याहून जास्त नकोत हा आपला अलिखित नियम आहे, आणि बाहेरचे नवे सदस्य घेतले.

तेव्हा तुमच्या सॉफ्टवेअरच्या रेपोमध्ये, म्हणजे त्याचा कोड ठेवलेल्या जागी, जाऊन आधी सीएलए आहे का बघा. असेल तर तो कुणाच्या नावे आहे, आणि ‘कोणत्याही लायसन्सखाली’ अशा अर्थाचं कलम त्यात आहे का, ते वाचा. सीएलए म्हणजे वाईटच असं नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही बऱ्याच जीएनयू प्रकल्पांत कॉपीराइट आपल्याकडे घेतं, पण कोड मुक्तच ठेवू, हे वचन त्याच करारात देतं. मग गेल्या वर्षभराचे कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेले बदल, चाळा. सगळे एकाच कंपनीच्या लोकांचे असतील तर फोर्क काढायला बाहेर कुणी तयार नाही, असं समजा.

आज घाईने दुसरीकडे जाऊ नका, त्यात उगाच पैसा आणि वेळ जाईल. सध्या वापरता त्या आवृत्तीचा कोड लायसन्सच्या फाइलसकट उतरवून ठेवा. सगळा डेटा साध्या, इतर सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढून, तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खरोखर चढतो का हे एकदा करून बघा. संस्थेत कुणी पॅच पाठवत असेल, तर करार वाचल्याशिवाय पाठवायचा नाही, हे आत्ताच ठरवा. मी आता तसंच करतो, आणि लेखी वचन नसलेला सीएलए दिसला की फक्त बग कळवतो, कोड देत नाही.

सॉफ्टवेअरचं नाव कमेंटमध्ये लिहिलंत तर त्याचा करार वाचून नेमकं कोणतं कलम काय म्हणतं ते सांगतो.