अतिथंड पोलर रेणू (एक टोक किंचित धन, दुसरं ऋण असलेले) एकमेकांवर आदळले तर काय होतं? इलेक्ट्रिक-मॅग्नेटिक फील्डने काय फरक पडतो?

प्रश्न दिसला आणि राहवलंच नाही. एमएस्सीला माझा सेमिनार यावरच होता. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी सुरुवातीलाच थांबवलं, "अगं, इतक्या थंडीत रेणू धड हलणार नाहीत, रिॲक्शन कुठून होणार?" म्हटलं सर, अमेरिकेत बोल्डरच्या जिला (JILA) या संशोधन संस्थेत झालीये, २०१० चा पेपर आहे. तर म्हणे पेपर काय, कशावरही निघतात. सगळ्या वर्गासमोर. पुढे बोलूच दिलं नाही, ते अजून सलतं.

जिलामधल्या डेबोरा जिन आणि जुन ये यांच्या ग्रुपने पोटॅशियम-रुबिडियमचे रेणू काही शे नॅनोकेल्विनपर्यंत (नॅनोकेल्विन म्हणजे केल्विनचा अब्जावा भाग) थंड केले आणि तिथेही ते आपसात रिॲक्ट होऊन ट्रॅपमधून, म्हणजे लेझरच्या सापळ्यातून, नाहीसे होत होते. हे रेणू फर्मिऑन, म्हणजे एकसारखे दोन अगदी जवळ येऊ न शकणारे कण, त्यामुळे सगळे एकाच अवस्थेत असले की मध्ये पी-वेव्हचा (एकमेकांभोवती फिरण्यामुळे येणारा) अडथळा येतो, साधारण २४ मायक्रोकेल्विनचा, तो चढण्याइतकी ऊर्जा त्यांच्याकडे नसतेच, तरी टनेलिंगने, म्हणजे क्वांटम नियमांमुळे अडथळ्यातून आरपार, जातात. काहींचा नुसता न्यूक्लियर स्पिन (अणुकेंद्रकाचा एक क्वांटम गुण) बदलला की ते एकसारखे राहत नाहीत, अडथळाच गेला, रिॲक्शन दहा ते शंभर पट जोरात, टेम्परेचर तेच! याला गोठणं म्हणतात का?

आता फील्ड. इलेक्ट्रिक फील्डने रेणू एका दिशेला वळतात, एकामागे एक आले तर ओढ, शेजारी-शेजारी आले तर रेटा. ओढीच्या बाजूने अडथळा बुटका होतो आणि डायपोल (दोन टोकांमधल्या धन-ऋण फरकाचं माप) पुरेसा मोठा झाला की लॉस, म्हणजे रेणू नाहीसे होण्याचा वेग, त्याच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे डायपोल दुप्पट तर लॉस ६४ पट. लेझरने केलेल्या पातळ चकत्यांमध्ये रेणू कोंडून फक्त रेट्याची बाजू ठेवली की लॉस आवरतो. २०२० मध्ये तर त्याच लॅबने रेणू पहिल्या रोटेशनल (स्वतःभोवती फिरण्याच्या) अवस्थेत नेले, फील्ड सेंटीमीटरला १२ किलोव्होल्टच्या आसपास काही टक्के इकडे-तिकडे केलं आणि रिॲक्शन रेट हजार पटींच्या टप्प्यात हलवून दाखवला. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच.

मॅग्नेटिक फील्ड इथे मुख्यतः रेणू बनवतानाच लागतं, ५४६ गॉसजवळच्या फेशबाख रेझोनन्ससाठी, म्हणजे जिथे दोन अणू सहज जोडले जातात त्या फील्डसाठी. ग्राउंड स्टेटमध्ये (सगळ्यात कमी ऊर्जेच्या अवस्थेत) सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असतात, त्यामुळे नंतर त्याची पकड फारशी नाही.

हो, हे सगळं पोटॅशियम-रुबिडियमचं. सोडियम-सिझियममध्ये ही रिॲक्शन ऊर्जेने शक्यच नाही तरी रेणू जातातच, तिथे मायक्रोवेव्हने शील्डिंग करावं लागतं, म्हणजे रेणूंना एकमेकांपासून दूर ठेवावं लागतं, कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रुपने तसंच करून २०२४ मध्ये बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट (सगळे रेणू एकाच क्वांटम अवस्थेत आलेला ढग) मिळवला.

आणि सेमिनारसाठी विचारत असाल तर वेगळ्या स्पिनवाल्या रेणूंचा रेट-टेम्परेचर ग्राफ पहिल्याच स्लाइडवर टाका. टेम्परेचर उतरतं, रेट कॉन्स्टंट (रिॲक्शन किती जोरात होते त्याचा आकडा) उतरत नाही. कोणी मध्ये तोंड उघडायच्या आत तो दाखवून मोकळे व्हा.