कच्छला पक्षी बघायला कधी जावं, सप्टेंबरात की डिसेंबरात?

पहिल्यांदाच जात असाल तर डिसेंबर-जानेवारी. भूजच्या वायव्येला छारी ढंढ ही पाणथळ जागा आहे. पाऊस चांगला झालेल्या वर्षी तिथे संध्याकाळी क्रौंचांचे थवेच्या थवे उतरतात. जवळच्या फुलाय गावाकडे पिलूच्या झाडांवर हायपोकोलियस शोधा. पश्चिम आशियातला हा पाहुणा भारतात खात्रीने दिसतो तो जवळपास इथेच, म्हणून पहाटेच पोहोचा आणि स्थानिक गाइड घ्याच.

माझा जीव मात्र सप्टेंबरात अडकलेला. मध्य आशियातून आफ्रिकेला निघालेले युरोपीय नीलपंख, ठिपकेदार माशीमार तेव्हा काही आठवडेच इथून जातात. महाराष्ट्रात ते इतक्या सहज भेटत नाहीत. ऊन सोसायची तयारी हवी.

सरहद्द जवळ आहे, ओळखपत्र बाळगा.